एन्फिल्डची ठासणीची बंदूक: भिंतीवर ठेवावी की बार काढावा?

दूरदेशी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुक्काम इंग्लंड, मिडलंड्स. लिलावात ठासणीची एक लांब बंदूक घेतली आहे. नळीला तीन कडी, केपाची (घोडा पडला की पेटणारी छोटी टोपी), लॉकच्या (घोड्याच्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर १८६२’ असं कोरलेलं. मुकुटाखाली अक्षरं नाहीत. नळीवर डाव्या बाजूला दोन ठिकाणी ‘२५’ आकडा आहे. विकणाऱ्याने ‘पॅटर्न १८५३ एन्फिल्ड’ म्हणून विकली. लाकूड धड आहे, घोडा दोन्ही टप्प्यांवर अडकतो, नळी बाहेरून तपकिरी.

विचारायचं असं:

१) ही खरी आहे का आणि चालवण्याजोगी आहे का, हे घरी किती तपासता येईल?
२) नुसती ठेवायला परवाना लागला नाही. मैदानावर बार काढायचा तर काय लागेल?
३) दारू किती, गोळी कुठली, आणि नंतरची साफसफाई कशी?
४) राजापूरजवळच्या घरी पणजोबांच्या वेळची तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) बंदूक आहे. ती इकडे आणता येईल का?

---

ठासणीवाला

आधी गज (ठासायची लांब सळी) घाला. बाकीचं सगळं त्यानंतर.

जुनी ठासणीची बंदूक भरलेली आहे असंच धरून चालायचं. बारूद कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते, तिला मुदत नसते. रीत सोपी आहे. निपलावर (केप बसते त्या पोकळ बोंडीवर) केप नाही हे बघा, घोडा पूर्ण खाली सोडा, तोंड सुरक्षित दिशेला धरा. गज हळूच आत सोडा, तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी त्याच्यावर चिकटपट्टीची खूण करा. गज बाहेर काढा आणि तोंडाशी खूण जुळवून नळीच्या बाहेरून आडवा धरा. त्याचं टोक निपलाच्या बुंध्याशी, म्हणजे नळीच्या उजवीकडे जो उंचवटा असतो त्याच्याजवळ पोचलं पाहिजे. दीड-दोन इंच आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे.

आवाजही ऐका. रिकाम्या नळीत लोखंडी गज शेवटचा इंचभर सोडला की ‘टण्ण’ वाजतो, लोखंडावर लोखंड. शिशावर किंवा चिंधीवर पडला तर ‘थप्’.

आता ओळख. ‘टॉवर’ म्हणजे लंडनच्या टॉवरमध्ये बनली असं नव्हे. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यातल्या बंदुकीवर ‘एन्फिल्ड’ असतं. ‘टॉवर’ छाप बहुतेक बर्मिंगहॅम आणि लंडनच्या खासगी कारागिरांच्या मालावर. सरकारी बंदुकीवर मुकुटाखाली राणीची ‘व्ही आर’ अक्षरं आणि सरकारी बाणाची खूण असते. तुमच्याकडे अक्षरं नाहीत आणि ‘२५’ आहे, म्हणजे ती व्यापारी मालाची. त्या २५ चा अर्थ २५ बोअर, म्हणजे एक पौंड शिशाच्या २५ गोळ्या होतील त्यातल्या एका गोळीएवढा व्यास, सुमारे ०.५७ इंच; ०.५७७ च्या नळ्यांवर हाच आकडा दिसतो. असा माल १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी भरपूर विकत घेतला होता. तुमचं साल त्यात बसतं, पण तेवढ्यावरून ही त्या युद्धातली असं म्हणू नका.

खरी पी-५३ असेल तर: नळी ३९ इंच, आत तीन आटे, ७८ इंचांत एक पीळ. बॅटरी तोंडाशी लावून बघा, तीन रुंद चर मंद वळताना दिसतील. आत गुळगुळीत असेल तर थांबा. १८५७ नंतर देशी पलटणींसाठी मुद्दाम बिनआट्याच्या बंदुका काढल्या होत्या, ०.६५६ इंच व्यासाच्या. पहिल्या खेपेच्या, म्हणजे पॅटर्न १८५८ च्या नळ्या तर एन्फिल्डचीच नळी आतून पोखरून केलेल्या, त्यामुळे भिंत पातळ. बाहेरून सगळं एन्फिल्डसारखंच, पण मागचं निशाण साधं, शिडी नसलेलं. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून २००३ मध्ये जो प्रचंड साठा बाहेर आला, त्यात एन्फिल्डच्या नेपाळी नकलाही होत्या, तेव्हा नुसत्या आकारावर भरवसा ठेवू नका. तोंडाशी व्हर्नियरने व्यास मोजून इथे लिहा.

---

निशाण_१००

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण इथे बरेच जण अडकतात.

ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याचं कलम ५८(२) पुरातन बंदुकीला सूट देतं, पण ती ‘कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू’ म्हणून ठेवण्यापुरतीच. बार काढायचं ठरवलंत की सूट संपली. मग आटे असलेली बंदूक फायरआर्म सर्टिफिकेटवर चढवावी लागते, गुळगुळीत नळीची लांब बंदूक असेल तर शॉटगन सर्टिफिकेटवर. म्हणून ‘एकच बार काढून बघू आणि परत भिंतीवर लावू’ हे करू नका, तो सरळ गुन्हा होतो. उद्या प्रमाणपत्र येईल म्हणून आज बारूद आणून ठेवणं हेही नको.

क्रम असा ठेवा. आधी गृहखात्याची मान्यता असलेल्या, ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्या क्लबात उमेदवारी सभासद व्हा. उमेदवारी किमान तीन महिन्यांची असते, त्या काळात क्लबच्या बंदुकीवर शिका. पूर्ण सभासद झालात की प्रमाणपत्राचा अर्ज, त्यात ही बंदूक लिहा. बारुदीसाठी पोलिसांकडून वेगळं स्फोटक प्रमाणपत्र. घरी बारूद लाकडी पेटीत ठेवायची, आत कप्पे, एका कप्प्यात ५५० ग्रॅमपेक्षा जास्त नाही. लोखंडी तिजोरीत कधीच नाही. आग लागली तर लोखंडी पेटीचा बाँब होतो, लाकडी पेटी नुसती फुटून जळते.

चालवण्याआधी नळी माहीतगार गनस्मिथला दाखवा, बंदूक लागू प्रूफमध्ये (नळीची अधिकृत दाबचाचणी) आहे का हेही त्याच्याकडून समजून घ्या. पुन्हा प्रूफ करायची वेळ आली तर ते लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्येच होतं. त्यात नेहमीपेक्षा जास्त दारू घालून बार काढतात, म्हणजे अशक्त नळी तिथेच जायची शक्यता असते. अस्सल वस्तूच्या बाबतीत हा निर्णय मालकाने मन घट्ट करून घ्यायचा.

---

दूरदेशी

आभार. मोजून लिहितो. आटे तीन, स्पष्ट दिसतात. तोंडाशी व्यास ०.५८० इंच. पण गज बाहेरून धरल्यावर उंचवट्याच्या पाच सेंटिमीटर आधी थांबतो. आवाज ‘थप्’ असाच. आता काय?

---

ठासणीवाला

आता बंदुकीला कोणी हात लावायचा नाही, केपा घरात असतील तर दुसऱ्या खोलीत.

हिशेब बघा. या बंदुकीचा लष्करी बार अडीच ड्रॅमचा, म्हणजे ६८ ग्रेन, सुमारे ४.४ ग्रॅम. एवढी दारू या व्यासाच्या नळीत साधारण अडीच सेंटिमीटर जागा घेते. वर गोळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. बेरीज पाच! तुमच्या नळीत गंज किंवा चिंधी नसून अख्खा बार ठासलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

काय करायचं नाही ते आधी: केप लावून उडवून टाकायचं नाही (गोळीच्या पुढे-मागे गंज असेल तर नळी फाटते). नळी तापवायची नाही. ड्रिल लावायचं नाही. कोरड्या बारुदीवर लोखंडी स्क्रू फिरवायचा नाही.

काय करायचं: सगळ्यात उत्तम म्हणजे जवळच्या गनस्मिथला किंवा क्लबला आधी फोन करून ‘भरलेली आहे’ असं स्पष्ट सांगायचं आणि त्यांच्या हातून काढून घ्यायचं. कुरियरने पाठवू नका. ते कसं काढतात हे माहीत असावं म्हणून लिहितो.

पहिलं काम दारू मारणं. निपलाच्या आट्यांवर आत शिरणारं तेल टाकून एक-दोन दिवस ठेवायचं, मग बरोबर मापाच्या पान्याने निपल काढायचं. जुनं निपल जोर लावला की मुंडीशी तुटतं आणि मग काम दुप्पट होतं, तेव्हा घाई नको. भोकातून पाण्याचे थेंब सोडत राहायचं, तोंडाकडूनही पाणी भरायचं, चोवीस तास तसंच. भिजलेली बारूद काळा चिखल होते, ती पेटत नाही.

मग गोळी. जुनी पद्धत म्हणजे गजाच्या टोकाला गोळी ओढायचा स्क्रू लावून शिशात फिरवायचा आणि सरळ ओढायचं. नीट मध्यावर बसला तर येते, नाहीतर आट्यांना ओरखडे पडतात. त्यापेक्षा ग्रीसगन बरी: निपलाच्या आट्यांना बसणारा अडॅप्टर लावून मागून ग्रीस दाबायचं. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे गोळी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत तोंडाशी येते. न धक्का, न ठिणगी. ग्रीस भरपूर लागतं, नळीभर, आणि नंतर काढायला अर्धा दिवस जातो. तरी मी हीच पद्धत सुचवेन. कोणीही तोंडासमोर उभं राहायचं नाही, तेव्हाही.

---

दोडामार्गकर

चौथ्या प्रश्नावर. राजापूरची बंदूक इंग्लंडला नेण्याचा विचार सोडून द्या. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. उलट तुमची एन्फिल्ड सुट्टीत इकडे दाखवायला आणायची म्हटलीत तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १० प्रमाणे आयातीचा परवाना लागतो.

आता घरची बंदूक घरीच राहिली तरी कागद बघा. कलम ४५(क) मधली सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे, जे दुरुस्ती करूनही चालणार नाही. ‘आजोबांची आहे, माळ्यावर पडून आहे’ ही सूट नव्हे. नळी धड असेल, कान (दारू पेटवायचं भोक) मोकळा असेल तर ती कायद्याने बंदूकच. परवाना कोणाच्या नावे होता ते शोधा. परवानाधारक वारले असतील तर वारसाने ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवून बंदूक जमा करायची आणि स्वतःच्या नावे अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात, आणि परवाना पाच वर्षांचा असतो, हे लक्षात ठेवून वारसांनी आपसात ठरवावं.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे ठासणीच्या बंदुका मुख्यतः शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आहेत. कलम १३ मध्ये ‘शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक’ असा सरळ उल्लेखच आहे. त्याचा अर्थ शिकारीची मुभा असा होत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे वेगळा उभा आहे. निवडणूक आली की ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. जमा करताना आणि परत घेताना दोन्ही वेळा गज घालून तपासून घ्या, पावतीवर बंदुकीचा क्रमांक वाचून घ्या. पावसाळ्यात ठाण्याच्या कोपऱ्यात दोन महिने उभी राहिलेली बंदूक आतून लाल होऊनच येते, तेव्हा जमा करण्यापूर्वी नळीत तेलाचा जाड हात मारून द्या आणि परत आल्यावर तो पूर्ण पुसल्याशिवाय भरू नका.

एक विनंती सगळ्यांनाच. गावठी बंदुकांची नळी कशाची आहे हे बरेचदा कोणालाच ठाऊक नसतं. पाण्याच्या पाइपासारखी उभी सांध असलेली नळी दिसली तर ती चालवू नये, कितीही जुना परवाना असो. काडतूस फोडून त्यातली पांढरी दारू ठासणीच्या नळीत घालणं म्हणजे हात गमावणं.

---

दूरदेशी

क्लबच्या जाणकारांनी ग्रीसने काढली. कागदासकट गोळी आली, मागे काळा चिखल. नळी धुतल्यावर तळाशी चार बोटं बारीक खड्डे, पुढे आटे छान. गनस्मिथने कॅमेरा घालून पाहिलं, फुगवटा नाही, मागचा प्लग घट्ट आहे, हलका बार चालेल म्हणाला. अर्ज केला आहे. तोवर गोळी आणि दारूचं सांगा.

---

मेण_आणि_शिसं

गोळीचं मी सांगते, अचूकपणा नव्वद टक्के तिथेच ठरतो.

या बंदुकीला मिनिए पद्धतीची, बुडाशी पोकळ गोळी. ती नळीपेक्षा किंचित लहान असते म्हणून सहज आत जाते, आणि बार झाला की वायूच्या दाबाने तिचा घेर फुलून आट्यांत बसतो. फुलण्यासाठी शिसं शुद्ध आणि मऊ हवं. नखाने ओरखडा उठला पाहिजे. गाडीच्या चाकाची वजनं वितळवून केलेली गोळी कडक होते, फुलत नाही, आणि कागदावर आडवी भोकं पाडते. आडवं भोक दिसलं की आधी शिशावर संशय घ्या.

माप: नळीपेक्षा इंचाचे एक ते दोन हजारांश कमी. तुमची ०.५८०, म्हणजे गोळी ०.५७८ किंवा ०.५७९. दुकानात ‘५७७ साठी’ म्हणून मिळणारी ०.५७५ ची गोळी तुमच्या नळीत सैल पडेल: गोळी दारूवरून पुढे घसरू शकते आणि धूर बाजूने निसटतो. मापाची डाय घेऊन प्रत्येक गोळी त्यातून काढा. पण तोंडाशी घेतलेल्या एका मापावर साचा मागवू नका. शंभर वर्षं गज घासून तोंड झिजलेलं असतं. मऊ शिशाचा गोळा तोंडातून थोडा आत ठोका, गोळी ओढायच्या स्क्रूने परत ओढून काढा आणि तो मोजा.

ओतताना साचा आधी तापवा. पहिल्या पाच-सहा गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या परत भांड्यात. घेराची कड बारकाईने बघा: तिथे खाच असेल तर गोळी बाद, नाक खराब असलं तर एक वेळ चालतं. प्रत्येक गोळी तोला. ५०० ग्रेनच्या आसपासच्या गोळीत पाच ग्रेन कमी भरली तर आत पोकळी आहे. उघड्या हवेत ओता, आणि वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही नको. एक ओला तुकडा भांड्यात पडला तर सगळं शिसं उसळून तोंडावर येतं. काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कपही धरू नका.

वंगण: मधमाश्यांचं मेण आणि प्राण्यांची चरबी वजनाने समसमान, मंद पाण्यावर वितळवून. उन्हाळ्यात मेण थोडं जास्त. चरबी नको असेल तर साजूक तूप किंवा ऑलिव्ह तेल चालतं. खनिज तेल आणि पेट्रोलियम जेली टाळा, बारुदीच्या राखेबरोबर त्यांचा डांबरासारखा थर बसतो. गोळीचे बाहेरचे चर भरा. बुडाच्या पोकळीत गच्च भरू नका, उन्हात ते वितळून दारूत उतरतं.

आणि हो, हाच तो वंगणाचा प्रश्न. एन्फिल्डच्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे ही बातमी जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडममधून पसरली. काडतुसाचा कागद दातांनी फाडायची कवायत होती, म्हणून ती थेट धर्मावर आली. त्यानंतर डेपोतून बिनवंगणाची काडतुसं द्यावीत, सिपाह्यांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं, असा हुकूम निघाला, आणि कागद हाताने फाडायची मुभा आली. तोवर उशीर झाला होता. हातात ही बंदूक धरणाऱ्या मराठी माणसाला एवढं ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. हे वंगण शोभेपुरतं नव्हतं. ते नसेल तर चौथ्या-पाचव्या बारानंतर गोळी राखेत अडकते, म्हणूनच लष्कराला ते कुठल्याही किमतीत हवं होतं. राख इतकी नडत असे की पुढे गोळीचा व्यासच ०.५६८ वरून ०.५५० वर आणला.

---

निशाण_१००

दारू: फक्त काळी बारूद. बिनधुराची कुठल्याही प्रमाणात नाही, चिमूटभर मिसळूनही नाही. दाणा २एफ (दाण्याच्या जाडीचा क्रमांक), किंवा स्विस कंपनीची ४ नंबर. लष्करी बार ६८ ग्रेन असला तरी तिथून सुरुवात करू नका. तळाशी खड्डे असलेल्या लोखंडी नळीला तर नाहीच. ४० ग्रेनने (२.६ ग्रॅम) सुरू करा. पाच-पाच गोळ्यांचे गट (कागदावर भोकं किती जवळ पडतात ते) बघत ४५, ५०. बहुतेक नळ्या ४५ ते ५५ मध्येच गट आवळतात. तुमच्या बंदुकीत मी ५५ च्या वर जाणार नाही. दारू वाढवून गट फाटायला लागला तर समजा, दाबाने गोळीचा घेर पसरून फाटतोय.

प्रत्येक बार घरीच तोलून वेगवेगळ्या नळकांडीत भरून न्या. बारुदीच्या शिंग्यातून थेट नळीत कधीही ओतू नका: आत एखादी ठिणगी राहिली असेल तर हातात अख्खा शिंगा पेटतो, नळकांड्यात फक्त एक बार पेटतो.

मैदानावर: नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पुसा. निपलावर केप लावून, तोंड गवताच्या पात्याजवळ धरून दोन केपा उडवा. पातं हललं पाहिजे. हललं नाही तर वाट बंद आहे, भरू नका. या निपलाला चार पाकळ्यांच्या मोठ्या मस्केट केपा लागतात, पिस्तुलाच्या लहान नाहीत.

भरताना बुंधा जमिनीवर, तोंड चेहऱ्यापासून दूर, घोडा खाली आणि निपलावर काही नाही. दारू ओता, नळीवर दोन टिचक्या मारा. गोळी बूड खाली करून अंगठ्याने सरळ बसवा. गज अंगठा आणि दोन बोटांत धरून एकसारखा दाबत न्या, मूठ आवळून नाही. दारूवर टेकली की थांबा. गज उचलून आपटायचा नाही, त्याने गोळीचं नाक चेपतं आणि दारूचे दाणे भरडतात, मग प्रत्येक बार वेगळा लागतो. योग्य खोलीची खूण गजावर एकदा करून ठेवा आणि दर बाराला बघा. खूण वर राहिली तर दुप्पट दारू किंवा अडकलेली गोळी, खाली गेली तर दारूच नाही.

गोळी दारूपासून वर राहिली आणि तसाच बार काढला तर नळी त्या जागी फुगते. बाहेरून कडं आल्यासारखं दिसतं, आत काळी रिंग. ती बंदूक तिथेच संपली.

केप सगळ्यात शेवटी, बार काढायच्या जागी उभं राहून, तोंड निशाणाकडे असताना.

बार नाही झाला तर तोंड तसंच निशाणाकडे धरून पूर्ण एक मिनिट थांबा. मग नवी केप. तरीही नाही तर निपलाच्या भोकात सुई घाला, पुन्हा केप. दारू घालायचीच राहिली असेल (हे सगळ्यांकडून होतं) तर निपल काढून मागच्या भोकातून चार-पाच ग्रेन दारू आत सारा, निपल लावा, गोळी तळाशी आहे हे गजाने पक्कं करा, आणि उडवा.

५० मीटरवर ही बंदूक वर मारते, कारण मागच्या निशाणाची सर्वात खालची पायरीच १०० यार्डांची आहे. पुढची माशी (नळीच्या तोंडाजवळचं निशाण) घासायला घेऊ नका. काळ्या वर्तुळाच्या खाली कुठे धरायचं ते कागदावर शोधून ठेवा.

---

ठासणीवाला

साफसफाई त्याच संध्याकाळी, उद्यावर नाही. बारुदीच्या राखेतले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि रात्रीतून गंज धरतात.

पेट्रोलियम सॉल्व्हंटने हे क्षार निघत नाहीत, पाण्यानेच निघतात. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. उकळतं नको, त्याने नळी सुकता सुकताच नारिंगी पडते. दर वेळी नळी लाकडातून काढू नका. कडी आणि लाकूड त्यानेच सैल होतात. निपल काढा, त्या जागी रबरी नळी बसवा, तिचं दुसरं टोक बादलीत. गजावर पितळी टोक आणि घट्ट फडकं लावून वर-खाली करा, पाणी पंपासारखं आत-बाहेर होतं. तीन पाणी बदलली की स्वच्छ येतं. मग कोरडी फडकी, पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. पातळ तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फडकं घाला, तपकिरी आलं तर धुणं अपुरं होतं, पुन्हा धुवा.

लॉक चार-पाच खेपांनी एकदा. घोडा अर्ध्यावर ठेवा, लॉकच्या पलीकडच्या बाजूचे दोन स्क्रू चार-पाच आटे सैल करा आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलकं ठोका, लॉक आपोआप उचलतं. पट्टी उचकटायला पेचकस घातलात तर लाकडाची कड तुटते. परत लावल्यावर घोडा अर्ध्यावर ठेवून चाप जोरात ओढा. पडला तर बंदूक चालवायची नाही.

बाहेरचा तपकिरी रंग तसाच राहू द्या. तारेचा ब्रश, सँडपेपर, नवं पॉलिश यांनी वस्तूची निम्मी किंमत आणि सगळा इतिहास जातो. लाकडाला वर्षातून दोनदा जवसाच्या उकळलेल्या तेलाचा बोटभर हात, अर्ध्या तासाने पुसून. तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटते. पाण्यात भिजवून मग टाका.

---

दूरदेशी

शेवटचा प्रश्न. क्लबमध्ये देखरेखीखाली पाच बार झाले, ४० ग्रेन. गट ठीक आहे, पण बार झाल्यावर घोडा आपोआप मागे अर्ध्यावर येऊन अडकतो. दारू जास्त झाली का?

---

ठासणीवाला

४० ला जास्त नाही. निपल झिजलंय. भोक मोठं झालं की दाब मागे फिरतो आणि घोडा उचलला जातो, केपेचे तुकडेही उडतात. शेजारी उभ्या असलेल्याच्या डोळ्याचा प्रश्न आहे, निपल बदलेपर्यंत बार बंद. घोड्याची स्प्रिंग कमजोर असली तरी हेच होतं, पण आधी निपल.

नवं घेताना आटे मोजून घ्या. अस्सल एन्फिल्डचे आटे आणि इटालियन नकलांचे आटे वेगळे असतात, जवळजवळ बसतात आणि जोर लावला की नळीचेच आटे खाऊन टाकतात. हाताने शेवटपर्यंत फिरलं तरच बरोबर, मग पान्याने जेमतेम आवळा. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा. जुनं निपल टाकू नका, डबीत घालून, चिठ्ठी लावून बंदुकीबरोबरच ठेवा.